गळपट्टा ज्याच्या त्याच्या मापाचा

दिवाळीच्या पहाटे गारवा जाणवू लागला की माझी क्रोशाची सुई बाहेर निघते. गेल्या वर्षी सासूबाईंसाठी जाड लोकरीचा, अगदी घट्ट विणीचा गळपट्टा केला. “छान झालाय हो,” म्हणाल्या; पण तो ट्रंकेतच राहिला. मानेला ओझे होई, पण माझा हिरमोड नको म्हणून बोलल्या नाहीत! यंदा मात्र आधी त्यांना जवळ बसवून टेपने माप घेतले.

बारीक चारपदरी लोकर व ३॥ मिलिमीटरची सुई घ्यावी. मुलासाठी ३०, बायकांसाठी ४५ व खांद्यावरून घेण्याजोगा हवा असल्यास ६६ साखळ्या घालाव्या. सुईपासून नवव्या साखळीत १ खांब. पुढे २ साखळ्या, खालच्या २ सोडून तिसरीत १ खांब, असे ओळभर करावे. परतताना ५ साखळ्या घालून खांबावर खांब घ्यावा. ओळीतला शेवटचा खांब कडेच्या तिसऱ्या साखळीत येतो. लांबी मुलाला ३ फूट, मोठ्यांना ५ फूट पुरे. तान्ह्या बाळाला गळपट्टा बांधूच नये.

प्रत्येकीचा हात सैल-घट्ट असतो. म्हणून चार ओळी झाल्या की रुंदी मोजावी. कमीजास्त वाटल्यास उसवून तीन-तीन साखळ्यांनी वाढवावे वा घटवावे. उसवायचा कंटाळा करू नका. तो मला वर्षभर महागात पडला.

परवा पहाटे फिरायला निघताना सासूबाईंनी नवा गळपट्टा आपणहून गुंडाळला. माझी दिवाळी तिथेच झाली!