गैरहजर माणसाचा प्रश्न

गेल्या वर्षी मी वर्गप्रतिनिधी होतो. ‘होतो’ म्हणण्यापेक्षा ‘केला गेलो होतो’ म्हणणे अधिक खरे. प्रथम वर्षाच्या निकालात मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले आणि एके सकाळी सूचनाफलकावर माझे नाव लागले. मी कोणाकडे मत मागितले नाही, कोणी मला दिले नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांना आपला प्रतिनिधी कोण हे फेब्रुवारीपर्यंत ठाऊक नव्हते. मला स्वतःला ते ठाऊक होते, एवढाच काय तो फरक!

वर्षभरात तीन बैठका झाल्या. पहिलीत ओळखी झाल्या, दुसरीत स्नेहसंमेलनाची तारीख ठरली, तिसरीत आभार मानले गेले. दुसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी वर्गातला एक मित्र मला जिन्यात भेटला. सकाळचे तास आटोपले की तो औषधांच्या दुकानात कामाला जातो आणि सुटेपर्यंत वाचनालयाला कुलूप लागलेले असते. तो म्हणाला, “तू उद्या बैठकीला आहेस ना? मग विचार की, वाचनालय तासभर उशिरा बंद करता येईल का? आमच्यासारखे दहा-बारा जण तरी आहेत.” मी ‘हो’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी बैठक झाली, चहा आला, बिस्किटे आली, मी सही केली आणि बाहेर पडलो. प्रश्न विचारायचा राहिला. खरे सांगायचे तर राहिला नाही, मी तो विचारला नाही. एवढ्या मोठ्या मंडळींपुढे उगाच कशाला, असे वाटले. त्या मित्राने मला पुन्हा कधी त्याबद्दल विचारले नाही, आणि तेच मला अधिक लागले.

यंदा राज्यशास्त्राच्या चर्चासत्रासाठी सरांनी मला विषय दिला: ‘एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याचे कायदे कौन्सिल’. विषय ऐकून मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. बरोबरीच्यांना फ्रेंच राज्यक्रांती, रशियन राज्यक्रांती असे दणदणीत विषय मिळाले होते आणि माझ्या वाट्याला आले होते गव्हर्नरसाहेबांचे कौन्सिल. पण वाचत गेलो तसा त्या जुन्या दिवाणखान्यात, एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मला मीच बसलेला दिसू लागलो!

या कौन्सिलची हकीकत थोडक्यात अशी. १८६१ च्या कायद्याने मुंबईच्या गव्हर्नराला आपल्या कार्यकारी मंडळात कायदे करण्यापुरते काही जादा सभासद नेमण्याची मुभा मिळाली. ॲडव्होकेट जनरल वेगळा धरून, कमीत कमी चार आणि जास्तीत जास्त आठ. त्यांतले निदान निम्मे बिनसरकारी असावेत, अशी अट होती. मुदत दोन वर्षांची. पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरली. सर जॉर्ज क्लार्क तेव्हा गव्हर्नर होते. नेमलेल्या हिंदी गृहस्थांत जगन्नाथ शंकरशेट होते. त्यांचा पुतळा आजही त्याच टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, बसलेला आहे.

अधिकार म्हणाल तर नावाला. समोर ठेवलेल्या विधेयकावर बोलायचे, त्यापलीकडे ब्र काढायचा नाही. सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क नाही, अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्क नाही. बोलणे सारे इंग्रजीत. कायदा मंजूर झाला तरी गव्हर्नराची संमती हवी आणि तिच्यावर पुन्हा गव्हर्नर जनरलची. अशा सभेला शोभेची बाहुली म्हणणारे पुष्कळ आहेत. माझेही पहिले मत तेच झाले होते आणि खोटे कशाला बोलू, त्या मताने मला जरा बरेही वाटले होते. सभाच शोभेची असेल तर गप्प बसणाऱ्याचा दोष तो काय?

परंतु ही पळवाट फार काळ टिकली नाही. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८४ साली या कौन्सिलात आले, फिरोजशहा मेहता १८८६ साली. दोघेही सरकारने नेमलेले, कोणाच्या मताने निवडून न आलेले. मुंबई शहराच्या म्युनिसिपालिटीचे विधेयक कौन्सिलापुढे आले तेव्हा या दोघांनी त्याचा कलमवार अभ्यास केला. शहराचा कारभार अखेर कोणाच्या हाती राहायचा, सरकारने नेमलेल्या कमिशनरच्या की नागरिकांच्या कॉर्पोरेशनच्या, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. आणि कॉर्पोरेशनची बाजू दोघांनी नेटाने लढवली. त्यातून १८८८ चा कायदा तयार झाला. पुढे त्यात दुरुस्त्या पुष्कळ झाल्या, पण मुंबई महानगरपालिका आजही त्याच १८८८ च्या कायद्याखाली चालते. बहुमत नाही, खुर्ची सरकारच्या मर्जीने मिळालेली, आणि तरी कामाचा ठसा शंभराहून अधिक वर्षे टिकला! तेलंगांपाशी कौन्सिलात जी साधने होती त्यांहून माझ्यापाशी बैठकीत कमी नव्हती. त्यांनी विधेयक वाचले होते. मी कार्यक्रमपत्रिकासुद्धा वाचली नव्हती.

१८९२ साली दुसरा कायदा झाला. जादा सभासदांची मर्यादा मुंबईसाठी वीसपर्यंत वाढली. निवडणूक हा शब्द मात्र त्या कायद्यात कोठेही नाही. कॉर्पोरेशन, विद्यापीठ, व्यापाऱ्यांचे चेंबर, दख्खनचे सरदार, जिल्ह्यांची लोकल बोर्डे अशा संस्थांनी नाव ‘सुचवायचे’ आणि गव्हर्नराने ते ‘नेमायचे’. मागच्या दाराने का होईना, निवडणूक आली. अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले, पण मत देता येत नसे. लेखी सूचना देऊन प्रश्न विचारता येऊ लागला, पण उत्तर मिळाल्यावर उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. सरकारने ‘माहिती मागवली आहे’ असे सांगितले की सभासदाने खाली बसायचे. उपप्रश्नाचा हक्क मिळायला १९०९ साल उजाडावे लागले.

या अरुंद फटीतून आत शिरलेली माणसे पाहा. १८९५ साली मध्य भागातील लोकल बोर्डांच्या वतीने बाळ गंगाधर टिळक कौन्सिलात गेले. ज्यांना आपण सभागृहाबाहेरचे पुढारी म्हणून ओळखतो, ते अंदाजपत्रकाचे आकडे घेऊन बसले आणि रयतेकडून वाढत्या प्रमाणात वसूल होणारा पैसा रयतेच्या कामी किती लागतो याचा हिशेब त्यांनी मागितला. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. दुष्काळाच्या काळात सरकारने काय करायचे याचे नियम सरकारनेच करून ठेवलेले होते. ‘केसरी’ने ते मराठीतून गावोगाव पोचवले आणि शेतकऱ्याला सांगितले की सूट मागणे ही भीक नव्हे, तो तुझा हक्क आहे. १८९७ साली टिळक पुन्हा कौन्सिलावर निवडले गेले. त्याच वर्षीच्या जुलैत राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि सप्टेंबरात अठरा महिन्यांची शिक्षा. प्रांताच्या कायदे कौन्सिलाचा सभासद तुरुंगात! कौन्सिल म्हणजे शोभेची बाहुली म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचाही विचार करावा.

१८९९ च्या अखेरीस त्याच मध्य भागातून गोपाळ कृष्ण गोखले निवडून आले. वय तेहतीस. आता मी येतो तो १९०१ च्या ऑगस्टातल्या पुण्याच्या अधिवेशनाकडे. जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक समोर होते. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा शेतकऱ्याला द्यायची, पण कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता किंवा गहाण टाकता येणार नाही अशा अटीवर, असा त्याचा आशय. सरकार म्हणे, जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून हे करतो आहोत. लोकपक्ष म्हणे, दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याची उरलीसुरली पतही यामुळे जाईल आणि तो आपल्याच जमिनीवर सरकारचे कूळ बनेल. निदान लोकांचे मत मागवा आणि तोवर थांबा, अशी सूचना फिरोजशहांनी मांडली. ती फेटाळली गेली, कारण मते मोजलेलीच होती. तेव्हा फिरोजशहा उठले आणि बाहेर पडले. पाठोपाठ गोखले, भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे आणि गोकुळदास पारेख उठले. विधेयक अर्थातच मंजूर झाले.

हा सभात्याग मी वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नंतर मात्र शांतपणे विचार केला तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली अशी की, उठून जाण्याआधी ही मंडळी बोलली होती. गोखल्यांनी सभागृहात विधेयकाचे मुद्दे एकेक करून खोडले होते. दार उघडून बाहेर जाणे हे त्यांच्या कामाचे शेवटचे पाऊल होते. आज सभात्याग हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर गोंगाट येतो. त्या पाच जणांमागे अभ्यासाचे ओझे होते, म्हणून त्यांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या खुर्च्या बोलत्या झाल्या.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. त्या दिवाणखान्यात शेतकऱ्यावर दोन्ही बाजूंनी भाषणे झाली, पण तिथे शेतकरी नव्हता. गोरे अधिकारी होते, वकील होते, डॉक्टर होते, व्यापारी होते. सावकारापासून जमीन वाचवू या, या सरकारी म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे मला आज म्हणवत नाही. पत जाईल हे लोकपक्षाचे म्हणणेही खरे होते. यांतले जास्त खरे कोणते, हे ज्याच्या पायाला ढेकळे लागली होती तो सांगू शकला असता. आणि त्याला ना मत होते ना आत येण्याचा रस्ता. अस्पृश्य नव्हते. स्त्री तर एकही नव्हती. एकोणिसाव्या शतकातील कौन्सिलाचा गौरव करताना ही उणीव झाकून ठेवणे म्हणजे इतिहासाशी लबाडी होईल.

इथे मला जोतीराव फुले आठवतात. ते कायदे कौन्सिलात कधी नव्हते, पण १८७६ ते १८८२ या काळात पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, तेही सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. सारे सभासद सरकारचे उपकृत, कोण विरोध करणार? एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. पैसे खर्च झालेच. पण ज्या सभेत गरिबाला जागा नव्हती, त्या सभेत त्याचे म्हणणे एकदा तरी मांडले गेले.

माझे मत एवढेच आहे. सभासद नेमलेला की निवडलेला हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने आपल्या राज्यात महाविद्यालयांतील थेट निवडणुका थांबल्या, २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली. निवडणूक हवी, असे मी म्हणतो. मारामाऱ्या होतात, पैसा उधळला जातो, हे आक्षेप मी ऐकले आहेत आणि ते खोटे नाहीत. पण गुणपत्रिका हे अभ्यासाचे प्रमाणपत्र आहे, चाळीस-पन्नास जणांच्या वतीने बोलण्याचे नव्हे. ते वर्गानेच द्यायला हवे.

तरीही, निवडणूक नाही म्हणून आमची सुटका होत नाही. सभासदाचे खरे काम एकच: खोलीत जो नाही, त्याचा प्रश्न खोलीत नेणे. तेलंगांना ते जमले, टिळक-गोखल्यांनी ते केले, जोतीरावांनी तर एकट्याने केले. त्यांना उपप्रश्न विचारता येत नव्हता. मला तर कोणी काहीच विचारू नकोस म्हटले नव्हते. माझ्या बैठकीत गव्हर्नर नव्हता, राजद्रोहाचे कलम नव्हते. होते फक्त आमचे प्राध्यापक, जे कदाचित ‘बरं झालं सांगितलंस’ असेही म्हणाले असते. आणि तरी औषधांच्या दुकानात उभा असलेला माझा मित्र त्या दिवशी गैरहजरच राहिला, कारण मी हजर असून बोललो नाही.

यंदा मी वर्गप्रतिनिधी नाही. माझ्यापेक्षा चार गुण जास्त मिळवणारी मैत्रीण आहे. परवा तिच्याकडे मी एक कागद दिला. त्यावर प्रश्न एकच लिहिला आहे आणि खाली ज्यांना वाचनालय उशिरापर्यंत हवे आहे त्यांच्या सह्या आहेत. पहिली सही त्या मित्राची आहे. कागद हातात घेताना ती म्हणाली, “विचारते. पण नाही म्हणाले तर?”

मी म्हटले, “म्हणू देत. पण आधी विचार तर खरा!”

— तृतीय वर्ष कला (राज्यशास्त्र)