मुक्कामाला जा, फळे वाटायला नको

डिसेंबर-जानेवारी आला की महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे सुरू होतात. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर, हा हिशेब आपल्या वस्त्यांतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना पाठ आहे. शिबिरात गावचा रस्ता झाडतात, बंधारा घालतात, झाडे लावतात. एखाद्या दुपारी जवळच्या 'मतिमंद' गृहात जाऊन केळी आणि बिस्किटे वाटतात. बॅनर धरून फोटो निघतो आणि तासाभरात गाडी परत.

ही तासाभराची भेट बंद करावी आणि तिच्या जागी मुक्काम ठेवावा, असे आमचे मत आहे. अठरा वर्षांपुढील बौद्धिक दिव्यांग माणसे जिथे राहतात, तिथे मुलांनी सातही दिवस राहावे. त्यांच्याबरोबर उठावे, भाजी निवडावी, त्यांच्याच पंगतीत त्याच ताटात जेवावे, संध्याकाळी कॅरम खेळावा. वाटणारा उभा असतो, घेणारा बसलेला असतो. लांबून दिलेली वस्तू आणि वेगळे ठेवलेले भांडे म्हणजे काय, हे आपल्या घरांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. तेच आपल्या मुलांच्या हातून दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जाऊ नये.

आधी शब्द नीट करू. 'मतिमंद' हा शब्द अजून पाट्यांवर आणि कागदांवर आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार आहेत, त्यात बौद्धिक दिव्यांगता आहे. हा मानसिक आजार नव्हे. समजणे, शिकणे, पैशाचा किंवा वेळेचा हिशेब ठेवणे अशा गोष्टी ज्याला लहानपणापासून जड जातात, त्याची ही अवस्था आहे. गोळीने ती जात नाही, आणि अंगात आले, करणी झाली म्हणून ती होत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांत सुमारे १५ लाख बौद्धिक दिव्यांग होते. घराघरांत ही गोष्ट किती लपवली जाते हे पाहता खरी संख्या याहून मोठी असावी, असे आम्हाला वाटते.

मूल लहान असते तोवर विशेष शाळा असते, गाडी न्यायला येते, बाई घरी चौकशी करतात. अठरा पूर्ण झाली की शाळा संपते. मग तिशीतला दादा दिवसभर उंबऱ्यावर बसतो आणि चाळिशीतली ताई पडद्यामागे. आई सत्तरीला टेकलेली असते आणि तिच्या मनात एकच प्रश्न असतो, माझ्यामागे याचे कोण? हा प्रश्न आपल्या वस्तीत आहे. विद्यार्थ्यांच्या मुक्कामाचा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर आणला तो यासाठीच.

सोबत राहण्याची ही रीत नवी नाही. ऑस्ट्रियातील ज्यू घराण्यातले बालरोगतज्ज्ञ कार्ल कोनिग हिटलरच्या राजवटीमुळे देश सोडून स्कॉटलंडला गेले. १९४० मध्ये अॅबर्डीनजवळ त्यांनी आणि त्यांच्या निर्वासित सहकाऱ्यांनी 'कॅम्पहिल' सुरू केले. प्रौढांसाठी इंग्लंडमध्ये बॉटन हे गाव १९५५ मध्ये उभे राहिले. तिथे दिव्यांग आणि बिगरदिव्यांग एकाच घरात राहतात, शेती, बेकरी, विणकाम करतात, आणि देशोदेशीची तरुण मुले काही महिने मुक्कामाला येतात. फ्रान्समध्ये १९६४ मध्ये जाँ व्हानिए यांनी 'लार्श' सुरू केले. त्याच परिवारातले 'आशा निकेतन' बंगळूरला १९७० पासून आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्हानिए २०१९ मध्ये वारले. लोक त्यांना संत मानत होते. २०२० मध्ये खुद्द लार्शनेच करवलेल्या चौकशीत उघड झाले की त्यांनी मार्गदर्शनासाठी आलेल्या स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या. ज्या बायका बोलू शकत होत्या त्यांचे म्हणणे पुढे यायला इतकी वर्षे लागली, तर जिला बोलता येत नाही तिचे काय? सेवा करणाऱ्याची पूजा सुरू झाली की त्याला प्रश्न विचारणे बंद होते. म्हणून मुलांना पाठवताना संस्थेची कीर्ती ऐकून भागणार नाही. तिथले नियम बघा.

आमच्या गटातले विद्यार्थी गेल्या दोन हिवाळ्यांत अशा एका निवासी घरात राहून आले. पहिल्या दिवशी सगळ्यांचा प्रश्न एकच होता, "आम्ही यांना काय शिकवायचं?" तिसऱ्या दिवसापर्यंत तिथल्या एका काकांनी त्यांना पोळपाट कुठे ठेवायचा, कोंबड्यांना कधी आत घ्यायचे, कोणाला जेवणात तिखट चालत नाही, हे सगळे शिकवले होते. काकांना पन्नासच्या पुढे मोजता येत नाही, पण कोणाचे ताट वाढायचे राहिले हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आमच्यातली एक मुलगी घरी येऊन आईला म्हणाली, "आपल्या गल्लीतल्या त्या दादाशी मी आजवर एकदाही बोलले नव्हते गं." मुक्कामाचा उपयोग आम्ही यालाच म्हणतो.

सात दिवस सोबत राहिले की आरोग्याच्या ज्या गोष्टी कळतात, त्या तासाभरात कळत नाहीत. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींपैकी सुमारे पाचात एकाला फिट्स येतात. फिट्सची गोळी एक दिवसही चुकवायची नसते आणि 'आता बरा आहे' म्हणून आपल्या मनाने बंद करायची नसते. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, वेळ बघावी. पाच मिनिटांहून जास्त चालली तर लगेच दवाखाना गाठावा. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत थायरॉईडचा त्रास बऱ्याच जणांना होतो. सुस्ती आली, वजन वाढले तर 'हा असाच आळशी' न म्हणता रक्ततपासणी करून घ्यावी. त्यांच्यात विसराळूपणाचा आजारही इतरांपेक्षा लवकर, चाळिशी-पन्नाशीत सुरू होऊ शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुखणे सांगता न येणे. शांत माणूस अचानक डोके आपटू लागला, जेवण टाकू लागला, रात्री ओरडू लागला तर आपण म्हणतो, वेड वाढले. प्रत्यक्षात दाढ किडलेली असते, कान फुटलेला असतो, चार दिवस पोट साफ झालेले नसते. डॉक्टरही कधीकधी कागदावर 'मतिमंद' वाचून तिथेच थांबतात. तेव्हा आपण ठामपणे म्हणायचे, "डॉक्टर, दात, कान, पोट तपासा."

बायकांच्या बाबतीत तर आपले राज्य विसरू नये अशी गोष्ट घडली आहे. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय गृहातील बौद्धिक दिव्यांग मुली-महिलांची गर्भाशये काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण दिले गेले. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा देशभर चर्चा झाली. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदिगडच्या एका प्रकरणात सांगितले की अशा सज्ञान स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही. पाळी चित्रे दाखवून, रोज तेच तेच सांगून शिकवता येते. ज्या घरात विद्यार्थिनी आठवडाभर राहतात, तिथे त्या हे डोळ्यांनी बघतात.

मुक्कामासाठी आमचे काही नियम आहेत. ज्याचा फोटो काढायचा त्याला विचारावे, आणि त्याने होकार दिला तरी तो स्टेटसला टाकू नये. आंघोळ, कपडे बदलणे ही कामे विद्यार्थ्यांकडे देऊ नयेत. कोणीही दार लावून एकट्याबरोबर बसू नये. पन्नास वर्षांच्या माणसाला 'बाळ' म्हणू नये, काका म्हणावे, मावशी म्हणावे. आणि 'पुन्हा येतो' हे वाक्य, खरोखर यायचे असेल तरच बोलावे. तिथली माणसे दिवस मोजत फाटकाशी बसतात.

काही पालक विचारतात, "आमच्याच पोरांच्या नोकरीचा पत्ता नाही, त्यांनी कसली सेवा करायची?" प्रश्न रास्त आहे. कपडे धुणे, भांडी, दुसऱ्याची घाण काढणे ही कामे सेवा म्हणून आपल्या माणसांच्या माथी पिढ्यान् पिढ्या मारली गेली. म्हणूनच आम्ही मुक्काम म्हणतो, चाकरी म्हणत नाही. शिबिरात काम सगळ्या जातींच्या, सगळ्या घरांच्या मुलांना सारखे वाटून द्यावे, आणि संडास धुण्याची पाळी सगळ्यांना यावी. कार्यक्रम अधिकाऱ्यांना हे आधीच विचारून घ्यावे.

दुसरा आक्षेप असा की सात दिवसांनी काय होते? नुसते सात दिवस केले तर काहीच होत नाही. आठवा दिवस आपल्या वस्तीत उगवला पाहिजे. शिबिराहून आलेल्या मुलांनी गल्लीतल्या अशा घरांत जावे आणि चार कामे हाती घ्यावीत. एक, युडीआयडी कार्ड नसेल तर अर्ज भरून द्यावा. दोन, राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्याची नोंदणी करावी. त्यात एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. तीन, संजय गांधी निराधार अनुदान योजनेत नाव बसते का ते तहसील कार्यालयात विचारावे. चार, मुलगा अठरा वर्षांचा झाला की तो कायद्याने सज्ञान होतो, बँकेत आणि मिळकतीच्या कागदावर आईबापाची सही आपोआप चालत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो, तो आईबाप हयात असतानाच करावा. 'माझ्यामागे कोण' याचे अर्धे उत्तर त्या कागदात आहे.

उरलेले अर्धे उत्तर शेजाऱ्यांकडे आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ समाजमंदिरात अशा दादा-ताईंना आणावे. सतरंजी घालायला, खुर्च्या मांडायला, पाणी द्यायला त्यांनाच सांगावे. तेवढ्या दोन तासांत त्यांच्या आईला स्वतःची रक्तदाबाची गोळी आणता येईल, कदाचित थोडी झोपही घेता येईल. या हिवाळ्यात आपला मुलगा किंवा मुलगी शिबिराला निघाली असेल तर तिला एवढेच विचारा, "तिथे राहणार आहेस, की नुसती जाऊन येणार आहेस?"