आरोग्यचिंतन : मानेवरील गाठ

मॉरिशसला गेलेले आपले पूर्वज पोर्ट लुईच्या ज्या घाटावर उतरले, त्या आप्रवासी घाटावर रुग्णालयाच्या खोल्यांचे अवशेष आजही दिसतात. पोटापाण्यासाठी परमुलखात जाणाऱ्याला आपली प्रकृती परक्याच्या नजरेस आणावी लागते, ही रीत तेव्हापासूनची. आज संयुक्त अरब अमिरातीत निवासपरवान्यासाठी क्षयाचा शोध घेण्यास छातीची क्ष-किरण तपासणी होते. साहजिकच मानेवर गाठ आली की मनुष्य धास्तावतो आणि ती कॉलरीआड वा ओढणीआड लपवितो.

आपल्या घरांत मानेच्या गाठीला 'गंडमाळ' म्हणत, आणि गंडमाळ म्हणजे बहुधा क्षयच. तो संशय अनाठायी नव्हे. तथापि प्रत्येक गाठ क्षयाची नसते आणि कर्करोगाचीही नसते. १९७२ साली जपानमध्ये किकुची व फुजिमोतो या दोन वैद्यकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एका विरळ विकाराचे वर्णन केले. तो आज त्या दोघांच्या नावांनी ओळखला जातो. आशियाई वंशाच्या लोकांत, त्यातही तरुण स्त्रियांत, तो अधिक आढळतो. मानेच्या बाजूस किंचित दुखरी गाठ, बारीक ताप आणि थकवा ही त्याची लक्षणे होत. त्याचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही.

हा विकार बहुधा एक ते चार महिन्यांत आपोआप शमतो. ताप व वेदना यांवरील औषधे पुष्कळदा पुरतात. मात्र त्याचे रूप क्षयासारखे व लसिकाग्रंथींच्या कर्करोगासारखेही भासते. केवळ तर्काने उपचार केल्यास रोग्याला महिनोन्‌महिने क्षयाची औषधे व्यर्थ घ्यावी लागतील; उलट 'आपोआप जाईल' म्हणून स्वस्थ बसल्यास खरा क्षय वा कर्करोग बळावेल. निर्णय होतो तो गाठ काढून तिचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानेच. पुढेही काही वर्षे तपासणी चालू ठेवणे हितावह असते, कारण क्वचित त्यामागून 'ल्यूपस' हा व्याधी प्रकटतो.

यास्तव वाचक बंधुभगिनींस विनंती एवढीच की, दोन-तीन आठवड्यांत न विरणारी, वाढणारी वा कठीण लागणारी गाठ, विशेषतः ताप अगर वजनातील घट सोबत असता, वैद्यांना अवश्य दाखवावी. लेप, शेक व मंत्रतंत्र यांत दिवस दवडू नयेत. लपविलेली गाठ परवाना वाचवीत नाही. वेळेवर दाखविलेली गाठ मात्र जीव वाचवू शकते.