भिंत शिकवणारी नको, ऐकणारी हवी

घरात रंगकाम काढलं की काय होतं, तुम्हाला माहीत आहे. पलंग अंगणात, भांडी ओसरीत आणि चार माणसं लावून लोखंडी कपाट भिंतीपासून दोन हात पुढे. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या तेल्हाऱ्याच्या घरी हेच चाललं होतं. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, त्याच्या आदल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास गेले. तेव्हापासून त्यांची खोली बंदच होती. ती आता माझ्या भाच्याला द्यायची ठरली. भाचा सहा वर्षांचा, पहिलीत. आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदा एखाद्या पोराला स्वतःची खोली मिळणार होती. मग एका भिंतीवर मोठं चित्र हवंच, नाही का?

पेंटरकाकांनी मोबाइलवर नमुने दाखवले. छोटा भीम, डोरेमॉन, झाडाखाली जिराफ. "हे जिराफवालं सध्या लय चालते ताई." वहिनी म्हणाली, "त्या जिराफापेक्षा वीसपर्यंत पाढे टाका ना भाऊ. झोपता-उठता नजरेसमोर राहीन, तं पाठ तरी होईन." दादाला भारताचा नकाशा हवा होता. आणि मी? मी तर अकोल्याहून येतानाच पन्नास फोटो सेव्ह करून आणले होते. डोंगर, ढग, फिकट हिरवा रंग, सगळं कसं एकदम 'एस्थेटिक'. अर्धा तास आमची चर्चा रंगली. ज्याची खोली तो त्या वेळी शाळेत होता. त्याला विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

कपाट हलवलं तेव्हा मागच्या भिंतीवर रेघोट्या दिसल्या. पेन्सिलीच्या, कोळशाच्या, जमिनीपासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर. "पाय ना, काय गिरगोटून ठेवलं यानं," वहिनी हसत म्हणाली. मीही हसले. फोटोसुद्धा काढला नाही. दुपारपर्यंत भिंत घासून पुट्टीचा पहिला हात मारून झाला होता.

संध्याकाळी भाचा आला, दप्तर टाकून खोलीत गेला आणि लगेच बाहेर आला. "आई, माझे आबाजी कुठी गेले?"

वहिनीला काय बोलावं सुचेना. तिनं त्याला जवळ घेतलं. "देवाघरी गेले ना बेटा."

"नाई वं. कपाटामागचे."

मग त्यानंच सांगितलं. तिथं आबाजी होते, त्यांची काठी होती, रेडिओ होता आणि बाजूला तो स्वतः होता. आबाजी गेल्यावर तेरा दिवस आम्ही त्याला शेजारी खेळायला पाठवत होतो. तो एकदाही रडला नाही, तेव्हा 'लहान आहे, त्याला काय समजते' असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो. त्याला समजत होतं. फक्त ते तो आम्हाला सांगत नव्हता. कपाटामागच्या भिंतीला सांगत होता.

म्हणून आज हा लेख. माझं म्हणणं साधं आहे. लहान मुलाच्या खोलीत भित्तिचित्र जरूर करा, पण त्या भिंतीवरचा पहिला हक्क मुलाचा असू द्या. निदान त्याचा हात पोहोचतो तेवढ्या उंचीपर्यंत तरी.

बोलक्या भिंती शाळेत शोभतात

तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा अंगणवाडीत गेला असाल, तर 'बोलक्या भिंती' पाहिल्या असतील. बाराखडी, पाढे, नकाशा, पायऱ्यांवर आकडे. दार उघडताना किती अंशाचा कोन होतो हे कळावं म्हणून काही शाळांत दाराखालच्या फरशीवर कोनमापक रंगवलेला असतो. 'बिल्डिंग अ‍ॅज लर्निंग एड', म्हणजे 'बाला' नावाचा उपक्रम याच कल्पनेवर उभा आहे की इमारतच मुलाला शिकवेल. कल्पना छान आहे. ज्या घरात पुस्तकं नाहीत, तिथल्या मुलाला शाळेची भिंत खरंच खूप काही देते.

पण आपण काय करतो? तीच भिंत उचलून घरी आणतो. पलंगासमोर एबीसीडीचा तक्ता, कपाटावर पाढे, दारावर फळांची नावं. पोरगं मोठं झालं की तक्त्याच्या जागी नीट आणि जेईईचं वेळापत्रक. म्हणजे शाळा सुटली, ट्यूशन सुटली, तरी खोलीत आल्यावर भिंत शिकवायला तयारच! जिथं कुणी आपल्याला काही शिकवत नाही अशी एक जागा माणसाला लागते. आपल्याला लागतेच की. आपण मोबाइल घेऊन गच्चीवर जातो. सहा वर्षांचं पोरगं कुठं जाणार? कपाटामागे.

कार्टूनचंही तेच. छोटा भीम वाईट नाही, पण तो दुसऱ्या कुणीतरी काढलेला आहे. भिंतीवर एकदा पक्का रंगवला की त्यात पोरानं भर घालायला जागाच उरत नाही. उलट त्याला पहिली सूचना काय मिळते? "हात लावू नको, पाच हजार लागले."

आपल्या भिंती कधी कोऱ्या होत्या?

'भिंतीवर काढणं म्हणजे घाण करणं' हे आपण कधी ठरवलं कोण जाणे. आपल्या आज्या-पणज्या नागपंचमीला भिंतीवर हळद-चंदनानं नाग काढायच्या. त्या काही चित्रकार नव्हत्या. डहाणू-जव्हारकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, आणि तो परंपरेनं घरच्या-गावच्या सवाष्णी लिहीत आल्या. हो, वारलीत चित्र 'काढत' नाहीत, 'लिहितात'.

ही कला कागदावर आणून जगभर नेणारे जिव्या सोमा मशे तुम्हाला माहीत असतील. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला आमच्या घरच्या प्रसंगानंतर नव्यानं कळली. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणंच बंद केलं होतं. ते धुळीत चित्रं काढायचे आणि तेवढंच त्यांचं बोलणं होतं. त्या पोराला कुणी 'काय गिरगोटतो' म्हणून रोज हटकलं असतं तर?

प्रत्येक पोर मशे होणार नाही, मला माहीत आहे. आमचा भाचा बहुतेक ट्रॅक्टर चालवेल, आणि तेही चांगलंच. मुद्दा कलाकार घडवण्याचा नाहीच. मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्येच लिहून ठेवलं की साधारण दोन ते चार वर्षांचं मूल रेघोट्या ओढतं आणि चार ते सातच्या दरम्यान त्याच्या रेघांमधून माणसं दिसू लागतात. या वयात मूल दिसतं तसं काढत नाही, वाटतं तसं काढतं. जे महत्त्वाचं ते मोठं. आबाजींची काठी आबाजींपेक्षा उंच होती म्हणे. आम्ही ती पाहूनही पाहिली नाही.

आणि भिंत दिसली की मोह फक्त पोरांनाच होतो असं समजू नका. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत पोहोचला आणि दहाव्या लेण्यात, जिथं शतकांपूर्वीची चित्रं आहेत तिथंच, त्यानं स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्याच्या मानानं आमच्या भाच्याची पेन्सिल फारच सभ्य म्हणायची.

"पण भिंत खराब होते ना!"

होते. खोटं कशाला बोलू? पण आपल्या भागात भिंती पोरांआधी दुसऱ्याच गोष्टींनी खराब होतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, की चांगल्या घराला भेगा पडतात. तेल्हाऱ्याच्या दक्षिणेकडची पूर्णाकाठची गावं खारपाणपट्ट्यात. बोअरचं खारं पाणी बांधकामाला वापरलं की काही वर्षांत भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. तिथं हजारो रुपयांचा जिराफ काढला तरी दोन पावसाळ्यांत त्याची मान गळून पडणार. मग पोरासाठी भिंत निवडताना न्हाणीला लागून असलेली नको, पावसाचा मारा बसणारी नको. घराच्या आतली, कोरडी घ्या. नवा गिलावा असेल तर तो पूर्ण वाळू द्या. ओल असेल तर आधी ती बंद करा, चित्राचं नंतर बघू.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती पेंटर तुम्हाला सांगेलच असं नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम 2016 मध्ये आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या दारा-खिडक्यांचा, भिंतीच्या खालच्या पट्ट्याचा ऑइल पेंट कोरडा घासला, तर ती धूळ पोराच्या पोटात जाऊ शकते. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सगळ्यात जास्त धोका लहान मुलांच्या मेंदूला असतो. जुना रंग ओला करूनच घासायला सांगा, तेव्हा पोरांना खोलीत येऊ देऊ नका आणि नंतर फरशी ओल्या फडक्यानं पुसा. नवा डबा घेताना शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बाकी पोराच्या हातात द्यायला खडू, पेन्सिल, पाण्यात विरघळणारे पोस्टर कलर पुरे. चुना मात्र देऊ नका, डोळ्यात गेला तर वाईट.

"आम्ही भाड्यानं राहतो," असं काही जण म्हणतील. मीही अकोल्यात भाड्यानंच राहते. घरमालकाला न विचारता खिळाही ठोकता येत नाही. मग जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू वर करून भिंतीला लावा. तेल्हाऱ्यात फ्लेक्सची काय कमी? निवडणूक झाली की ढीग मिळतो. त्यावर पोस्टर कलर धरत नसेल तर जुनी चादर किंवा खोक्याचा पुठ्ठा लावा. घर बदलताना गुंडाळून सोबत नेता येईल ते वेगळंच. आणि ज्यांच्याकडे मुलासाठी वेगळी खोली नाही, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांकडे, त्यांना खोली लागतच नाही. दाराच्या मागे तीन फूट जागा निघाली तरी पुष्कळ आहे. अट एकच. तिथं पोरानं काय काढलं यावर 'हे काय काढलं?' असा उलटतपास नको आणि 'असं नाही, असं काढ' अशी दुरुस्तीही नको. त्याला सांगायचं असेल तर सांगेल.

आमच्या भिंतीचं पुढे काय झालं? भाच्याचे आबाजी परत आले नाहीत. पुट्टीखाली गेलेलं चित्र निघत नाही आणि तसंच पुन्हा काढ म्हणायचा आम्हाला हक्क नव्हता. आम्ही त्या भिंतीवर दाराच्या कडीच्या उंचीएवढी एक आडवी रेघ मारली. रेघेच्या वर मी आणि दादानं दोन रविवार घालवून सातपुडा रंगवला, आमच्या गच्चीवरून दिसतो तसा. माझे पन्नास फोटो मोबाइलमध्येच राहिले. रेघेच्या खाली फक्त भाच्याचं राज्य. वहिनीचे पाढे दाराच्या बाहेरच्या बाजूला गेले. खोलीच्या आत नाही, यावर ती तयार झाली, हे मला खरं तर सगळ्यात मोठं वाटतं.

आठ दिवस त्यानं रेघेखाली काहीच काढलं नाही. बहुतेक आमच्यावर विश्वास बसत नसावा. नवव्या दिवशी दोन चाकं दिसली. नंतर त्यांच्यावर एसटी आली. खिडकीत एक डोकं आहे. ते कुणाचं, मी विचारलं नाही.

यंदा दिवाळीला तुमच्याही घरी रंगकाम निघेल. तुमची धाकटी बहीण, भाचा, पुतणी, कुणीतरी असेलच. तुम्ही घरातले 'शिकलेले', डिझाइन तुम्हालाच निवडायला सांगतील. तेव्हा नमुने बघायच्या आधी दोन कामं करा. कपाट हलवलं की मागे काय आहे ते खाली बसून, पोराच्या उंचीवरून नीट पाहा. आणि पुट्टी लावण्याआधी त्याला शाळेतून घरी येऊ द्या. पेंटरकाकांचा एक दिवस मोडेल. मोडू द्या.