ऐकूं येतें कीं वाटतें?

गेल्या महिन्यांत आमच्या घरांत एका तारेपायीं तीन दिवस अबोला होता. वडील बंधूंच्या धाकट्या चिरंजीवांस गाणें ऐकण्याचा नाद आहे, आणि त्याच्या यंत्रावर रात्रीं जेवणानंतर आम्ही सारेच अर्धा तास ऐकत बसतों. त्यानें अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या साध्या तारेच्या जागीं १८,००० रुपयांची तार १५ दिवसांच्या बोलीवर आणली, व ती समाईक खर्चांतून ठेवून घ्यावी असें सुचविलें. त्याच महिन्यांत वहिनींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली. बंधूंनीं साफ नकार दिला. "बाबांच्या कानांना फरकच कळत नाहीं, त्याला मी काय करूं?" असें चिरंजीव बोलून गेले, आणि बोलणें खुंटलें.

निवाडा माझ्याकडे आला. आधीं एक कबुली देतों. नव्या तारेवर कुमार गंधर्वांचें भजन लावलें तेव्हां तंबोऱ्यांची जवारी मलाहि अधिक मोकळी वाटली होती. अंथरुणावर पडल्यावर मात्र शंका आली : जवारी मोकळी झाली, कीं किंमत कानांवर पडल्यामुळें तसें वाटलें? न्यायशास्त्रानें प्रत्यक्षास पहिलें प्रमाण मानलें आहे खरें, परंतु तें भ्रमरहित असावें ही अटहि त्याच शास्त्राची आहे. दोरीस साप समजणाऱ्याचे डोळे कांहीं अधू नसतात.

१९९४ सालीं टूल व ऑलिव्ह या संशोधकांनीं तेच स्पीकर श्रोत्यांना एकदां दिसत असतांना व एकदां पडद्याआड ठेवून ऐकविले. दोन्ही वेळचे गुण जुळले नाहींत. मुरलेले श्रोतेहि रूपास भुलले. तेव्हां डोळ्यांस बाजूस सारणें प्राप्तच होतें. आम्ही यंत्रापुढें सतरंजी टांगली. पुतणीनें नाणें उडवून, छाप कीं कांटा त्याप्रमाणें जुनी वा नवी तार जोडावी, कागदावर लिहून ठेवावें व मागील दारानें निघून जावें. मग मीं व चिरंजीवांनीं आंत यावें. कोणती तार आहे हें मलाहि ठाऊक नसावें, कारण परीक्षकाचा चेहरा उत्तर फोडतो हें मीं शाळेंत पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. आवाजाच्या बटणावर कागद चिकटविला; किंचित् मोठा आवाज मनुष्यास मोठा न वाटतां चांगला वाटतो. (तारेऐवजीं दोन अॅम्प्लिफायर तोलावयाचे असतील, तर स्थिर सूर लावून स्पीकरच्या टोकांशीं व्होल्टमीटरनें दोघांचा दाब सारखा करून घ्यावा, कानांवर विसंबूं नये.) दहांपैकीं नऊ उत्तरें बरोबर आलीं तर तार ठेवावयाची, हें आरंभींच ठरलें.

सात बरोबर आलीं. "सात म्हणजे बहुमत!" असें चिरंजीव म्हणाले. मीं पाटी घेतली. दहा वेळां नुसतें नाणें उडवून उत्तरें दिलीं, तरी १,०२४ प्रकारांपैकीं १७६ प्रकारांत सात किंवा अधिक बरोबर येतात, म्हणजे सुमारें सहांत एकदां. हा काकतालीय न्याय झाला. नऊ वा दहा येण्याचे प्रकार अवघे ११. यावरून फरक मुळींच नाहीं असें सिद्ध होत नाहीं. तो ओळखतां आला असें म्हणतां येत नाहीं, इतकेंच. मात्र आमची जुनी तार तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची व तीन मीटर लांबीची आहे. जाऊन येऊन तिचा विरोध सुमारें ०.०४ ओहम भरतो, आणि पुढें स्पीकर आठ ओहमचा. तार बारीक असून घरभर फिरणारी असती तर गोष्ट निराळी होती.

दुसऱ्या दिवशीं मीं स्पीकर कोपऱ्यांतून दोन फूट पुढें घ्यावयास सांगितले. कोपऱ्यांतील भिंती खर्जास फुगवितात. तबल्याचा डग्गा घुमतो व गायकाचा शब्द त्यांत बुडतो. या वेळीं परीक्षेस बंधु बसले, वय ७२, डोळ्यांवर उपरणें बांधून. दोघा मुलांनीं दर वेळीं स्पीकर उचलावे, आणि जागा बदलो वा न बदलो, पुन्हां ठेवावे, म्हणजे पावलांवरून ओळखूं येऊं नये. बंधूंनीं दहापैकीं दहा ओळखले. उपरणें सोडून ते चिरंजीवांकडे पाहत राहिले. चिरंजीवांनीं "बाबा, पाणी आणूं का?" असें विचारलें, आणि अबोला तेथेंच संपला.

तार मात्र अजून परत गेलेली नाहीं. घाईच्या परीक्षेंत कान बावरतात, स्वस्थपणें रात्रभर ऐकूं द्या, असें चिरंजीवांचें म्हणणें, व तें मला अगदींच गैर वाटत नाहीं. बोलीचे चार दिवस उरले आहेत. पुतणी रोज संध्याकाळीं नाणें उडवून तार जोडते. तिची चिठी माझ्या पेटींत कुलुपांत आहे. चारीं रात्रीं चिरंजीव बरोबर ठरले, तरी केवळ अदमासानें तसें घडण्याचा संभव सोळांत एक राहतोच, हें मीं त्यांस आधींच सांगून ठेवलें आहे. शस्त्रक्रियेचे पैसे बंधूंनीं काल भरले.