हंगाम सहा महिन्यांचा, उपचारही सहा महिन्यांचा

क्षयरोगाचा नेहमीचा उपचार साधारणतः 6 महिने चालतो. ऊसतोडीचा हंगामही जवळजवळ तितकाच. माण, जत, आटपाडीच्या कोरडवाहू गावांतून कृष्णाकाठच्या फडावर जाणाऱ्या क्षयरोगी मजुराच्या बाबतीत हा योगायोग जीवघेणा ठरू शकतो. त्याचे नाव गावाकडच्या आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत, तो स्वतः कारखान्याच्या हद्दीत आणि गोळ्या मात्र मधेच कोठेतरी अडकलेल्या!

रुग्णाच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू कोट्यवधींनी असतात. त्यांतील एखाद्यात आकस्मिक बदल घडून तो एखाद्या औषधाला दाद देईनासा होतो. म्हणूनच अनेक औषधे एकत्र आणि दीर्घकाळ द्यावी लागतात. उपचारात खंड पडला की दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात व वाढतात. आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन या दोन्ही प्रमुख औषधांना न जुमानणारा क्षय असा निपजतो. पुढे खोकल्यावाटे तो कोपीतील तान्ह्या मुलापर्यंत पोचतो. त्या मुलाने तर एकही गोळी चुकविलेली नसते.

इतर काही जंतूंची तऱ्हा याहून बिकट आहे. पेनिसिलिनचा रेणू मोडणारे विकर ते तयार करतात आणि ही विद्या परजातीच्या जंतूंनाही देतात. विषाणूजन्य सर्दीतापावर दिलेले प्रतिजैविक रोग तर हटवीत नाहीच. उलट शरीरातील अशा चिवट जंतूंना रान मोकळे करून देते. 2014 पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर अनुसूची एच-1ची बंधने आहेत. परंतु एका खाड्याने बुडणारी मजुरी कोणती अनुसूची भरून देणार?

मजुराच्या अडाणीपणाला दोष देणे सोपे आहे. प्रश्न अडाणीपणाचा नसून व्यवस्थेचा आहे. प्रतिजैविकांची मारकशक्ती ही गावविहिरीसारखी सामाईक मालमत्ता आहे. उपशाचा नफा खाजगी, कोरड मात्र सर्वांच्या वाट्याला. पेनिसिलिन देशातच तयार व्हावे म्हणून 1954 साली पिंपरीला सरकारी मालकीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. औषध निर्माण करण्याची जबाबदारी समाजाने तेव्हा ओळखली. ते नीट पोचविण्याची जबाबदारी अद्याप बाकी आहे.

कोप्यांच्या तळावर शुद्ध पाणी व संडास, मजुराबरोबर फडापर्यंत जाणारा उपचार, आजारपणाच्या दिवसांची मजुरी आणि तालुक्याला जंतुपरीक्षेची प्रयोगशाळा, या चार मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी कारखान्यांच्या आणि जिल्हा परिषदांच्या दारात उभे राहिले पाहिजे. 1943 साली प्रतिसरकार उभारणाऱ्या मुलखाला हे जड जाऊ नये.