पोत्याचं वजन कोण ठरवतं?

पुण्यातल्या माझ्या कंपनीत खुर्ची किती उंच असावी आणि स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब असावी, यावर दरवर्षी प्रशिक्षण होतं. आमच्या जेऊरला खताचा ट्रक लागला, की हमालाला मिळतो तो फक्त सल्ला : ‘नीट उचल, पाठ सांभाळ.’

सल्ला चुकीचा नाही. गुडघ्यात वाकावं, ओझं अंगाजवळ धरावं, हे खरंच आहे. पण डोक्याच्या वर थप्पी चढवताना गुडघे वाकवून काय होणार? हिशेब शाळेतल्या तरफेचा आहे. हातातलं ओझं कण्याच्या साधारण ४० सेंटिमीटर पुढे असतं आणि पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात. म्हणजे ५० किलोचं पोतं पेलायला स्नायूंना ४०० किलोइतका जोर लावावा लागतो. दहा टनांच्या ट्रकात अशी २०० पोती असतात. आमच्या धंद्यात शंभर जण एकाच बटणावर चुकले तर आम्ही बटण बदलतो, माणसांना दोष देत नाही.

मग पोतं का बदलत नाही? ‘परवडत नाही’ हे ठरलेलं उत्तर. मार्च २०१८ पासून युरियाचं पोतं ५० किलोवरून ४५ किलोचं झालं. शेतकरी पोती मोजून खत टाकतो, तेव्हा युरिया कमी वापरला जाईल, हा त्यामागचा विचार. मातीसाठी देशभरातलं पोतं बदलता आलं. पाठीसाठी कुणी तेवढाही विचार केला नाही.

शंभर किलोच्या पोत्याविरुद्ध पुण्यात बाबा आढाव आणि हमाल पंचायत लढले, तेव्हाही ‘धंदा बुडेल’ अशीच ओरड होती. धंदा चालूच आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदणी आणि भविष्य निर्वाह निधीची वाट काढली, तीही मागितल्यावरच. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ३४ ने इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नये असं म्हटलं, पण ते कारखान्याच्या आत. दुकानासमोरचा ट्रक त्यात बसत नव्हता.

अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात सगळी स्थिती अनुकूल असतानाची मर्यादा २३ किलो आहे. ब्रिटनमध्ये सिमेंटचं पोतं २५ किलोचं मिळतं. तिथली माणसं आपल्यापेक्षा दुबळी आहेत का?

‘हमालांनाच मोठं पोतं हवं असतं’ असंही ऐकवतात. हवं असणारच, हमाली नगावर मिळते ना! पोतं अर्धं केलं आणि नगाचा दरही अर्धा केला, तर त्याच पैशात त्याच्या खेपा दुप्पट होतील. म्हणून दर क्विंटलवर बांधा आणि वाढीव खेपांचे पैसे त्यात धरा. खत, सिमेंट, पेंड यांची पोती २५ किलोची करा. ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा ओटा आणि दोन हातगाड्या ठेवायला तर दिल्लीची परवानगीही लागत नाही. करमाळा बाजार समितीच्या पुढच्या सभेत हे मांडता येईल.